डाळिंबाच्या शेजारी मेंदी

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब न ओळखणारे मूल शोधूनही सापडायचे नाही. सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत त्याच्या बागा आहेत, केगावला २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २०१६ मध्ये सोलापुरी डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतक्या ओळखीच्या या झाडाचे जवळचे नातलग कोण, हे मात्र एखाद्या मुरलेल्या बागायतदाराला विचारून पाहा. तो थोडा थांबेल. उत्तर आहे मेंदी. आणि ताम्हण, आपले राज्यफूल.

पूर्वीच्या अनेक पुस्तकांत डाळिंबाला स्वतःचे वेगळे कुळ दिलेले असे. डीएनएच्या आधाराने वर्गवारी सुरू झाल्यावर, म्हणजे १९९८ नंतर, ते मेंदीच्या कुळात पक्के बसले. पण हे नाते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. नुकतेच उमललेले डाळिंबाचे फूल घ्या. लाल जाड पेल्यातून बाहेर आलेल्या पाकळ्या चुरगळलेल्या असतात. ताम्हणाच्या जांभळ्या पाकळ्याही तशाच चुरगळलेल्या, मेंदीच्या चिमुकल्या पाकळ्याही तशाच. आता फळ पाहा. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट म्हणजे फुलाचा तो जाड पेलाच. पाकळ्या गळाल्या तरी तो गळत नाही. ताम्हणाच्या वाळलेल्या बोंडाच्या बुडाशी तोच पेला सहा टोकांनी पसरून बसलेला दिसतो. एकाचा डोक्यावर, दुसऱ्याचा बुडाशी. का, हा पुढचा प्रश्न, आणि तो दहा वर्षांचे मूलही विचारू शकते. अट एकच, ही तीन झाडे त्याला एका वाफ्यात, एका नजरेत दिसली पाहिजेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. बागेत झाड शिकवायचे असेल तर ते कोणाच्या शेजारी लावले यातूनच निम्मे शिकवणे होते. पाटी नंतर येते. आपल्या सार्वजनिक बागांत या दोन्ही गोष्टी शोभेच्या मागे उभ्या केल्या आहेत, आणि सोलापूरसारख्या शहराला ते परवडणारे नाही.

परवडणारे नाही असे म्हणतो, कारण शहराची मुले झाडांच्या सहवासातून झपाट्याने तुटत आहेत. गावाकडची सुट्टी कमी झाली. बांधावरची बोरे आता विकत घेतली जातात. ज्या वयात झाडाशी ओळख व्हायची त्या वयात मुलाला झाड भेटते ते पालिकेच्या बागेतच. तिथे काय असते? हिरवळ, कारंजे, घसरगुंडी, रंगीत पानांची छाटलेली झुडपे, आणि कुठेतरी खोडाला खिळ्याने ठोकलेला पत्रा. त्यावर रंगाने लिहिलेले ‘गुलमोहर’. गुलमोहर मादागास्करहून आला, त्याच्या शेंगा चिंचेच्या शेंगांशी नाते सांगतात, उन्हाळ्यात तो आधी पाने टाकतो आणि मग फुलतो, यातले काहीच त्या पत्र्यावर नसते. शहरातल्या एका बागेत मी असा पत्रा पाहिला आहे की खोड वाढत वाढत त्याच्या दोन्ही कडा सालीने गिळल्या आहेत आणि मधली दोनच अक्षरे वाचता येतात. झाडाने पाटी खाल्ली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, याचा अर्थ ती पाटी बरीच वर्षे कोणी वाचलेलीच नव्हती.

झाडे कशी मांडायची हा प्रश्न जुना आहे. ज्यांनी तो मनापासून सोडवला त्यांनी आधी एक गोष्ट ठरवली होती: ही बाग कोणाच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देणार? इटलीत पादुआ विद्यापीठाची बाग १५४५ साली सुरू झाली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी. खरी औषधी कोणती आणि तिच्या नावाने विकली जाणारी भेसळ कोणती, हे त्यांना जिवंत झाड पाहून कळावे हा हेतू होता. चूक झाली तर रोगी दगावायचा, म्हणून मांडणीला शिस्त आली. १७५९ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या त्रियानों बागेत वनस्पतिशास्त्रज्ञ बेर्नार द ज्युसिय यांनी वाफेच कुळांप्रमाणे आखले. फूल, फळ, बी यांच्या एकूण सारखेपणावरून कोण कोणाच्या जवळ हे जमिनीवर मांडून पाहिले. आपल्याकडे कलकत्त्याजवळ शिबपूरची बाग १७८७ मध्ये निघाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी. साग कुठे वाढेल, मसाल्याची झाडे रुजतील का, हे तिचे प्रश्न. आणि लंडनच्या क्यू बागेने २०१९ मध्ये आपले जुने कुळवार वाफे मोडून नव्या वंशवृक्षाप्रमाणे ते पुन्हा आखले, कारण ज्ञान बदलले तर बागही बदलली पाहिजे असे तिथल्या लोकांना वाटले. वैद्य, अभ्यासक, व्यापारी, प्रत्येकाच्या प्रश्नाने जमिनीवर वेगळी आखणी केली. सोलापूरची बाग कोणाचा प्रश्न घेऊन उभी आहे? आजचे उत्तर ‘संध्याकाळी कुठे बसायचे’ एवढेच आहे. तो प्रश्नही खरा आहे, त्याला मी हसणार नाही. दिवसभर त्रेचाळीस अंशांत तापलेल्या शहराला सावली हवीच. पण तेवढ्यावर थांबायचे कारण नाही.

सोलापूरचा स्वतःचा प्रश्न पाण्याचा आणि मातीचा आहे. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. उन्हाळ्यात भेगाळणारी खोल काळी जमीन आणि तिच्या शेजारीच मुरमाड माळ. याच कारणाने १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे सुरू झाले. मोहोळची मालदांडी ज्वारी, मंगळवेढ्याची ज्वारी, करडई ही पिके इथे आली ती हौसेने नव्हे. या मातीत ओल कुठे आणि किती खोल टिकते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून आली. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे विलायती गालिचा गवत टँकरने जगवणे आणि त्याला उद्यान म्हणणे मला पटत नाही. म्हणून आमच्या बागेचा पहिला भाग जमिनीप्रमाणे आखावा असे मी म्हणतो. एक तुकडा माळाचा, एक काळ्या रानाचा, एक बांधाचा, एक ओढ्याकाठचा. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. काळ्या रानात बाभूळ. बांधावर बोर, कडुनिंब, तरवड. माळावर हिवर, हिंगणबेट, नेपती आणि मुख्य म्हणजे गवत.

गवतावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गवताला पाटी लावलेली सार्वजनिक बाग मी आमच्या भागात पाहिलेली नाही. आपल्या कागदपत्रांत माळाला ‘पडीक’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या डोक्यात इतका बसला आहे की माळ दिसला की तिथे झाडे लावायची घाई होते. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले ते याच माळावर. माळढोकाला उघडे गवत लागते. दाट झाडी झाली की त्याचे घर जाते. हे मुलांना भाषणाने कळत नाही. गवताचे वाफे करा. मारवेल, पवना, डोंगरी, कुंदा, कुसळी, हरळी, प्रत्येकाचा दोन हात लांबी-रुंदीचा तुकडा, शेजारी शेजारी. पवना आणि मारवेल जनावरे आवडीने खातात. चराई फार झाली की ती मागे हटतात आणि कुसळी पसरते. म्हणजे माळावर उभे राहून गवत ओळखता आले तर त्या जमिनीने किती सोसले आहे ते वाचता येते. धनगराच्या पोराला हे ठाऊक असते. शहरातल्या मुलाला ते शिकायला बाग आहे.

आणि कुसळीच्या पाटीवर काय लिहावे? माझ्या हातात असते तर एवढेच लिहिले असते: ‘एक वाळलेले कुसळ काढा. तळहातावर ठेवा. त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि थांबा.’ थोड्या वेळात ते पीळ घातलेले लांब कुसळ तळहातावर फिरू लागते. ओलाव्याने पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातूनच खालचे टोकदार बी मातीत शिरते. पायजम्यात घुसून टोचणारे कुसळ नेमके कशासाठी टोचते हे ज्या मुलाने तळहातावर पाहिले, त्याला गवत ही क्षुल्लक गोष्ट आहे असे पुन्हा कोणी पटवू शकणार नाही.

बागेचा दुसरा भाग कुळांचा असावा, पण लहान. सगळी कुळे मांडायचा हट्ट विद्यापीठांनी धरावा. शहराच्या बागेला तीन पुरेत, आणि ती या शहराच्या जगण्यातून निवडावीत. डाळिंबाचे झालेच. गवताचे कुळ वर आलेच. त्यात ज्वारी, ऊस आणि बांबू आणून उभे केले की वर्तुळ पुरे होते. उसाच्या कारखान्यांनी भरलेल्या जिल्ह्यात ऊस आणि हरळी एकाच घरातले आहेत हे पेर आणि पानाची आवरणे दाखवून सांगता येते. तिसरे कुळ कापसाचे. ज्या शहराने सुतावर दिवस काढले, जिथे जुनी मिल हा अजूनही पत्ता आहे, जिथली चादर देशभर जाते, त्या शहराच्या बागेत कापसाचे एकही झुडूप नसावे याचे मला वाईट वाटते. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि उकिरड्यावर आपोआप उगवणारी पेटारी एका रांगेत लावा. शाळेत जास्वंदीचे फूल उकलून भाग दाखवतातच. तेच फूल घेऊन मूल भेंडीपाशी गेले की त्याला दिसेल: पाच पाकळ्या, आणि मधोमध पुंकेसरांची एकच नळी, तिच्या आतून बाहेर आलेला स्त्रीकेसर. कापसात तेच. अंबाडीत तेच. भाजीतली भेंडी आणि देवाला वाहिलेले जास्वंद एका घरचे, हे त्याने स्वतः शोधलेले असेल. मागे सावर उभी करावी. मधल्या काळात तिला वेगळ्या कुळात टाकले होते, आता ती पुन्हा कापसाच्या कुळात धरली जाते. तिच्या फुटलेल्या बोंडातला कापूस पाहिलेल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

इथे नक्षत्रवनाचा विषय टाळता येणार नाही. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात गावोगाव नक्षत्रवने, राशीवने, नवग्रहवने झाली. त्यांची एक ताकद मी मान्य करतो: माणूस आपल्या जन्मनक्षत्राचे झाड शोधत येतो. रोहिणीचे जांभूळ, मृगाचे खैर, चित्राचे बेल. झाडाशी स्वतःचे काही नाते आहे या भावनेने आलेला माणूस रिकाम्या मनाने आलेल्यापेक्षा नक्कीच जास्त बघतो. पण या मांडणीतून झाडाविषयी काय कळते? कृत्तिकेच्या उंबराशेजारी रोहिणीचे जांभूळ उभे आहे ते आकाशातल्या क्रमाने. त्या शेजारातून मुळे, पाने, फुले, माती यांतले काहीच उलगडत नाही. शिवाय यादीत आर्द्रेला कृष्णागरू आहे, जे ईशान्येच्या ओल्या जंगलांतले झाड. आश्लेषेला नागकेशर, तेही भरपूर पावसाच्या सदाहरित रानातले. सोलापूरच्या मुरमात ती लावायची, दोन उन्हाळ्यांत ती वाळायची, आणि पाटी मात्र मागे राहायची. पाटी आहे आणि झाड नाही, यापेक्षा वाईट शिकवण बागेत दुसरी नाही. मूल पाटीच्या जवळचे जे काही हिरवे दिसेल त्यालाच नागकेशर समजून घरी जाते. नक्षत्रवन असेल तिथे असू द्यावे, श्रद्धेच्या जागेवर मला हात घालायचा नाही. शिकण्याची बाग म्हणून मात्र तेच दाखवू नये.

त्याऐवजी लोकांच्या श्रद्धेतूनच आलेली एक मांडणी मला फार उपयोगाची वाटते: फसणाऱ्या जोड्या. दसऱ्याला सोने म्हणून आपटा लुटायचा, आणि आपल्या शहरांत ओरबाडला जातो तो कितीदा तरी कांचन. दोघांची पाने मधोमध दुभंगलेली, म्हणून घोटाळा. दोन्ही झाडे शेजारी असली की बोटांनाच फरक कळतो. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचे मोठे. आपट्याची फुले बारीक फिकट, कांचनाची मोठी गुलाबी. दुसरी जोडी अशोकाची. शाळांच्या कुंपणाला रांगेने उभा असतो तो उंच सरळसोट खोटा अशोक. औषधात साल लागते ती सीताअशोकाची, आणि बाजारात पहिल्याची साल दुसरीच्या नावाने खपवली जाते हे आयुर्वेदाच्या अभ्यासकांना चांगले माहीत आहे. पादुआच्या विद्यार्थ्यांची अडचण आणि आपली अडचण यांत पावणेपाचशे वर्षांनंतरही फारसा फरक पडलेला नाही.

आता पाटीकडे. वनस्पती उद्यानांत पाटीवर काय असावे हे बरेच ठरलेले आहे: रूढ नाव, शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश आणि नोंद क्रमांक. हे पाच असलेच पाहिजेत. आपल्याकडे यांच्या जागी एक सहावी गोष्ट येऊन बसते, ती म्हणजे औषधी उपयोग. ‘मधुमेह, मूळव्याध, त्वचारोग यांवर गुणकारी.’ कोणता भाग, किती, कोणी सांगितल्यावर, कोणी घेऊ नये, काही नाही. हे सरळ धोकादायक आहे. आपल्या महामार्गांच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, बिट्टी विषारी आहे, गुंजेचे सुंदर लाल-काळे बी चावून खाल्ले तर जीव जाऊ शकतो. पाटीवर औषध लिहायची इतकी हौस असेल तर आधी विष लिहा, ठळक लिहा. उपचार वैद्यावर सोपवा.

उपयोगाच्या यादीने आणखी एक नुकसान होते. यादी वाचून झाली की माणसाचे झाडाशी काम संपते. चांगली पाटी वाचणाऱ्याला झाडाकडे परत पाठवते. तरवडाचे उदाहरण घ्या. ‘तरवड, चामडे कमावण्यासाठी सालीचा उपयोग’ असे लिहिले तर माहिती खरी आहे, पण नजर पाटीवरच राहते. त्याऐवजी लिहा: ‘पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे पाहा. कानाच्या पाळीसारखी हिरवी पाती किती आहेत?’ माणूस वाकतो. दोन दिसतात. तिथून वर जाता जाता पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक उभी ग्रंथी दिसते, ती पाटीने सांगितलेलीही नसते. त्याने एकदा वाकून पाहिले की पुढच्या वेळी पंढरपूर रस्त्याच्या कडेला पिवळा दिसणारा तरवड तो पाटीशिवाय ओळखणार.

याच तरवडाने मला आमच्या शहराची दुसरी बाजू दाखवली. पूर्व भागात एका आजींना मी फांदी दाखवून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तंगेडु हाय की ओ हे. बतुकम्माला पयलं हेच लागतंय.” विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत भाद्रपद अमावास्येपासून फुलांची बतुकम्मा रचतात, तिच्यात तंगेड्याची पिवळी फुले आणि गुनुगु, म्हणजे आपला कुर्डू, हवाच. त्या आजींना झाड, त्याचा बहर, तो कोणत्या रानात मिळतो, सगळे ठाऊक होते. ‘तरवड’ एवढ्या चार अक्षरांची पाटी त्यांच्यासाठी मुकी राहिली असती. कन्नड बोलणाऱ्या घरात तेच झुडूप आवरिके. कडुनिंब त्यांचा बेवु, तेलुगूत वेप, उर्दूत नीम. पळस म्हणजे मुत्तुग आणि मोदुग. सोलापूरच्या बाजारात या चार भाषा रोज एकमेकींना धडकतात. बागेच्या पाटीवर मात्र मराठी, फार तर इंग्रजी. पाटीवर नाव चारही लिप्यांत असावे अशी माझी ठाम मागणी आहे. गर्दी होईल म्हणतात. नाव तेवढे चार लिप्यांत, बाकीचा मजकूर मराठीत; चार शब्दांनी गर्दी होत नाही. केरळातल्या वनस्पतींवर हेंद्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला ‘होर्तुस मलाबारिकुस’ छापला, तेव्हा त्याच्या चित्रांवर रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत नावे घातली होती. इट्टी अच्युदन नावाच्या वैद्याने आणि कोकणी पंडितांनी ती माहिती पुरवली होती, आणि ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांची अक्षरे त्या पानांवर राहिली. तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरून जे तेव्हा जमले ते आजच्या छपाईला जड जाण्याचे कारण नाही.

मग शास्त्रीय नाव कशाला, असे कोणी विचारेल. आजींचे तंगेडु, माझा तरवड आणि आवरिके हे एकच झुडूप आहे याची हमी ‘सेना ऑरिक्युलाटा’ हे नाव देते. चार भाषांना एका खुंटीला बांधण्याचे काम ते करते. ते बदलते, ही तक्रार खरी आहे. आपली बाभूळ कित्येक वर्षे ‘अकेशिया निलोटिका’ होती. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या प्रजातींसाठी राखायचे ठरले, २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झाले, आणि आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. माझे मत असे की जुने नाव पाटीवर लहान अक्षरांत ठेवावे. पुस्तकात एक आणि पाटीवर दुसरे पाहून गोंधळणाऱ्या विद्यार्थ्याला तिथेच कळेल की शास्त्रात नावेही वाद घालून ठरतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो नोंद क्रमांक. तो झाडाचा सातबारा आहे. हे रोप कोणत्या गावच्या कोणत्या झाडाच्या बियांपासून आले, कधी लावले, कोणी ओळख पटवली, पहिल्यांदा कधी फुलले, मेले तर कशाने. ही नोंदवही असेल तर ती वनस्पती उद्यान. नसेल तर ती नुसती बाग, कितीही सुंदर असो. आमच्या माळाच्या हिवराचे बी नान्नज परिसरातून घेतलेले आहे हे वीस वर्षांनी कोणाला तरी लागेल. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात आलेली रोपे कुठल्या रोपवाटिकेतून, कुठल्या बियांची, हे आज कोणी लिहून ठेवत नाही, आणि मग निम्मी पाटी अंदाजाने रंगवली जाते.

हे काम शून्यापासून सुरू करायचे नाही. राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने पालिकांवर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे झाड मोजायला माणूस जाणारच आहे. तो ओळख पटवून क्रमांक देईल, आणि तोच क्रमांक बागेतल्या झाडाच्या पाटीवर येईल, असे ठरवले तर गणना कागदात पडून राहणार नाही. शहरात विद्यापीठ आहे, वनस्पतिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी वाळवलेल्या नमुन्यांची वही करावी लागते. त्याऐवजी किंवा त्यासोबत बागेतल्या दहा झाडांची नोंद वर्षभर ठेवायला सांगितली तर त्यांचेही भले होईल.

पाटीच्या साहित्याबद्दल थोडक्यात. सोलापूरच्या उन्हात फ्लेक्स तडकतो, रंगवलेला पत्रा पुसट होतो, लाल अक्षरे सर्वात आधी उडतात. ॲल्युमिनियमवर किंवा दोनरंगी जाड प्लास्टिकवर कोरलेली अक्षरे टिकतात. खोडाला खिळा ठोकू नये; स्प्रिंगच्या तारेने पाटी बांधावी, म्हणजे खोड जाड होत जाईल तशी तार ताणली जाते. गवत आणि झुडपांना जमिनीत रोवलेली तिरकी पाटी, मुलाच्या कमरेएवढ्या उंचीवर. क्यूआर कोड जरूर द्यावा, त्यातून चारही भाषांत बोललेला मजकूर ऐकवता येईल, दिसत नसलेल्यांनाही. पण पाटीवरचा मजकूर काढून फक्त कोड चिकटवायचा प्रकार सध्या वाढतो आहे, त्याला माझा विरोध आहे. आजोबांच्या बोटाला धरून आलेल्या मुलाच्या हातात फोन नसतो, आणि असला तर तो झाडाकडे बघत नाही.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. कोरीव पाटी महाग नाही. कारंज्याच्या दुरुस्तीवर जे जाते त्यात बऱ्याच पाट्या होतील. महाग आहे तो माणूस, आणि तोच टाळला जातो. उद्यान विभागात माळी असतात, मुकादम असतात, पण नोंदी ठेवणारा, पाट्या बदलणारा, शाळेची सहल आली तर कुसळावर पाण्याचा थेंब टाकून दाखवणारा असा एकही पगारी माणूस नसतो. ठेकेदार एकदा पाट्या लावून बिल घेऊन जातो, पुढच्या पावसात झाड मरते, पाटी राहते. म्हणून सोलापूरच्या कोणत्याही नव्या उद्यानाच्या अंदाजपत्रकात पाट्यांची रक्कम दिसली की नागरिकांनी एक विचारावे: या नोंदवहीवर कायम नोकरीत कोण असणार आहे? ते पद मंजूर होईपर्यंत पाट्यांचा ठेका देऊ नये. आधी एक वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नेमावा, त्याच्या हाताखाली दोन माळी द्यावेत, मृगाच्या पावसाबरोबर गवताचे वाफे आणि डाळिंबाशेजारची मेंदी लावावी, आणि रोप जगून वर्ष झाले की मगच त्याला क्रमांकाची पाटी बांधावी.